थरथर कुणाची

४ जानेवारी

धाकट्या शेटजी,

तू आणि मी, आपण दोघं एकाच वाक्याखाली वाढलेली माणसं आहोत: "राहू दे, तुला त्यातलं कळत नाही." तू सायकलचं पंक्चर काढायला बसलास तरी हेच, मी फ्यूज बसवायला स्टुलावर चढले तरी हेच. आप्पांनी जन्मभर लोकांना 'आ करा' म्हटलं आणि आपल्या दोघांची तोंडं बंद ठेवली. ही आपली सामाईक तक्रार आहे. म्हणून माझी एक भाबडी समजूत होती, की ज्याने हे वाक्य इतकी वर्षं गिळलं, तो ते दुसऱ्याच्या घशात कोंबणार नाही.

तू कोंबलंस. तेही सत्तरी ओलांडलेल्या बापाच्या.

"आप्पा, गाडीत काही नाही. तुमचे हात कापतात. तुम्हाला आता कळत नाही." हे बोलून तू त्यांची लाल गाडी तुझ्या दुकानातून घरी आणून लावलीस, तिची किल्ली खिशात घातलीस आणि आपल्या गावी निघून गेलास. मला हे तुझ्याकडून कळलं नाही. तू मला कळवतोस कधी? मला आप्पांनी सांगितलं, तेही मी विचारलं तेव्हा. एखादा पेशंट दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून दाखवतो ना, त्या आवाजात.

आता मुद्द्याचं बोलू. त्यांची तक्रार काय होती? "नव्वदच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं." साधं मराठी वाक्य आहे. यात तुझ्या चाकांच्या दुकानाला न कळण्यासारखा शब्द कोणता, 'नव्वद'? तुझ्या त्या टायवाल्या मॅनेजरने गाडी चालवून पाहिली कुठे, तर दुकानाच्या आवारात. तिथे नव्वदने जायचं तर भिंतीतून जावं लागेल. मग चाकं काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, मशीनने शून्य दाखवलं, म्हणजे तोल बरोबर, आणि तू पडद्यावरचं ते शून्य आप्पांना बोट लावून दाखवलंस. गाडी निर्दोष ठरली. मग दोषी कोण? जो धरून बसलाय तो. वा! मी ग्राहक संघटनेच्या व्यासपीठावर वीस वर्षं घसा फोडते आहे. दुकानदाराचं यापेक्षा सोयीचं निदान अजून माझ्या कानावर आलेलं नाही. बूट चावतो? पाय बदला.

तुला ठाऊक आहे, दवाखाना बंद केल्यावर त्यांनी ही दोन दरवाजांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा सगळे हसले. मीही हसले. नंतर वाढदिवसाला तू ती रुंद, काळी, चकचकीत चाकं भेट दिलीस आणि स्वतः येऊन बसवून दिलीस, तेव्हा मला वाटलं, चला, पोरगं सुधारलं.

ते आता काय करतात ते लिहिते. जेवताना डावा हात टेबलाखाली ठेवतात. दुसऱ्या कुणी ओतल्याशिवाय चहा घेत नाहीत. काल म्हणाले, "दाढीला न्हावी घरी बोलवता येतो का गं?" ज्या माणसाने या हातांनी कुणाला न दुखवता अक्कलदाढा काढल्या, तो माणूस ब्लेडला घाबरतोय.

एकच प्रश्न, त्याचं उत्तर दे. ते स्टिअरिंग नव्वदच्या पुढे आप्पांखेरीज दुसऱ्या कुणी धरून पाहिलं का? तू धरलंस?

ताई


९ जानेवारी

शेटजी,

माझ्या दोन पानी पत्राला तुझा मोबाइलवर दोन ओळींचा जबाब आला: "ताई, भाषण नको. मी शेजारी बसलो होतो, हात कापताना डोळ्यांनी पाहिलेत. माझी मुलगी त्या सीटवर बसते."

शेवटचं वाक्य मला मान्य आहे. मुलगी शेजारी बसते, तेव्हा भीती वाटायलाच हवी. पण भीती ही निदान करत नाही, ती फक्त घाई करते. थरथरणाऱ्या स्टिअरिंगवर ठेवलेले हात तुला थरथरताना दिसले, हे डोळ्यांनी पाहणं झालं होय? मग चालत्या गाडीतून झाडंही पळताना दिसतात. त्यांच्यावरही उपचार करशील.

मी गाडी चालवली.

दचकू नकोस. तू ऐटीने खिशात घातलीस ती एक किल्ली होती, चांदीच्या साखळीची. दुसरी त्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये आहे, हत्यारांच्या शेजारी, पहिल्या दिवसापासून. म्हणजे तू गेल्यावर ते केव्हाही गाडी काढू शकत होते. त्यांनी काढली नाही. मी मागितली तेव्हा ट्रे माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "तूच घे." किल्ली उचलूनही दिली नाही. तुझी कामगिरी किती पक्की झालीय ते यावरून समजून घे.

ते शेजारी बसले, हात मांडीखाली दाबून. शहराबाहेरच्या सरळ रस्त्याला लागलो. ऐंशीला काही नाही. नव्वद ओलांडताना बोटांत मुंग्या. आणि पंचाण्णवला, चालू मिक्सरच्या झाकणावर हात ठेवावा तसं ते चाक माझ्या तळव्यात थरथरायला लागलं. एकशे दहाच्या पुढे पुन्हा जरा निवळलं. मी, वय बावन्न, व्यासपीठावर मंत्र्यांसमोर ज्यांतला कागद हलला नाही ते माझे हात! घोषित करून टाक, घराण्यालाच कंप आहे.

आप्पा बघत होते. "तुलाही?" म्हणाले.

"मलाही."

त्यांनी माझ्या मुठींकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू फार घट्ट धरतेस. घट्ट धरलं की कापतात. तुला गाडीतलं कळत नाही."

बघ! पुरावा समोर नाचतोय आणि हा माणूस तुझं निदान वाचवायला माझ्यावर खोटा आळ घेतोय.

मी तुझ्यासारखी दुकानदार नाही, मी वाचणारी बाई आहे, म्हणून ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणून आधी वाचलं होतं. त्यात लिहिल्याप्रमाणे ब्रेकवर हलका पाय ठेवला: थरथर वाढली नाही, म्हणजे ब्रेकच्या तबकड्या वाकलेल्या नाहीत. गियर काढून गाडी नुसती वाहू दिली: इंजिन शांत झालं, थरथर तशीच, म्हणजे इंजिनही सुटलं. सीटमध्ये किंचित, हातात जास्त. ठरावीक वेगाला येते, पुढे निवळते. म्हणजे फिरणारं काहीतरी मधोमध फिरत नाहीये. चाक. तुझंच चाक, शेटजी. हे सगळं करायला मला एक चहा थंड होईल इतका वेळ लागला. तुझ्या मॅनेजरला तेवढा वेळ टाय बांधायला लागत असेल.

ताई


१५ जानेवारी

शेटजी,

बातमी दोन भागांत आहे. पहिला भाग तुला आवडेल.

इथल्या टायरवाल्याकडे गाडी नेली. गलेलठ्ठ, बोलघेवडा, स्वतःवर बेहद्द खूश माणूस. तुझी आठवण झाली. त्याने चारही चाकं मशीनवर चढवली. शून्य. पुन्हा चढवली. शून्य. मी म्हटलं, "तरी थरथरतं." तो म्हणाला, "बाई, मशीन शून्य म्हणतंय. आता याहून कमी मी कुठून आणू?"

घे, खूश हो. एवढाच तुझा भाग.

आता माझा. मी आयुष्यभर साक्षीदार तपासत आले. साक्षीदार खोटं बोलतो असं नेहमी नसतं. बऱ्याचदा तो अगदी खरं बोलतो, पण दुसऱ्याच घटनेबद्दल. मी त्या माणसाला विचारलं, "मशीनवर चाक कशावर टेकतं?"

"शंकूवर. मधल्या भोकात शंकू घुसतो, चाक आपोआप मधोमध येतं."

"आणि गाडीवर?"

"गाडीवर हबवर. हा बघा, हा मधला गोल कडा. भोक याच्यावर घट्ट बसतं."

"बसवून दाखवा. हळू."

"अहो बाई, रोज शंभर बसवतो मी."

"म्हणूनच हळू."

त्याने चाक लावलं. मी टॉर्च घेऊन जमिनीवर बसले. साडीला ग्रीस लागलं, ते बिल तुला पाठवणार नाही, घाबरू नकोस. चाकाचं भोक आणि तो कडा यांच्यामध्ये फट होती. खालच्या बाजूने माझं नख आत गेलं. म्हणजे मशीनवर जे चाक शंकू मधोमध धरतो, ते गाडीवर त्या फटीइतकं खाली लोंबतं, नट तसंच आवळून टाकतात, आणि मग ते चाक जन्मभर वाकडं फिरतं. मशीन खोटं बोललं नाही. त्याला गाडीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

टायरवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "याला रिंगा कुठायत? बाहेरच्या चाकांचं भोक मोठं असतं, मध्ये प्लास्टिकची कडी घालावी लागते! बाई, कुणी बसवली ही चाकं?"

आठवतं ना हे वाक्य? पेशंट आ वासून खुर्चीत पडलेला, आणि आप्पा आरशाने दाढ बघत विचारतायत, "हे कुणी भरलंय? गवंड्याने?" जगातला प्रत्येक दातांचा डॉक्टर मागच्याचं काम बघून हेच विचारतो. मीही त्याच सुरात टायरवाल्याला तुझ्या दुकानाचं नाव सांगितलं, आणि सांगताना मला फार बरं वाटलं.

तर निकाल असा: तू बापाला चाकं भेट दिलीस, त्यांत बसवायची कडी द्यायला विसरलास, आणि चाक हललं तेव्हा बापाला म्हातारा ठरवलंस. चाकांचं दुकान! माळ्याला मूळ दिसू नये, तसं आहे हे. पुढच्या महिन्यात आमच्या संघटनेची सभा आहे. 'तुमचाच भास असेल' हा माझा विषय आहे. उदाहरण शोधायला मला आता बाहेर जावं लागणार नाही.

ताई


१८ जानेवारी

शेटजी,

तुझा फोन मी उचलला नाही, पण निरोप ऐकला. "ताई, रिंगा बसवल्या होत्या. मी स्वतः माझ्या हातांनी बसवल्या. चारही." ओरडत होतास. मी मनात म्हटलं, अर्थातच. प्रत्येक दुकानदाराने सगळं बसवलेलंच असतं.

पुढचं लिहिताना माझ्या पेनाला ओझं होतंय.

आज सकाळी मी आप्पांच्या न्हाणीघरात दाढीचं सामान काढायला गेले. न्हावी येणार होता. त्यांचा तो टवका उडालेला दाढीचा मग फळीवर होता, आणि मगाखाली काळी प्लास्टिकची कडी होती. मग तिच्यात असा चपखल बसलेला, जसा तिच्यासाठीच घडवलाय. ब्रशच्या पेल्याखाली दुसरी. तिसरी आणि चौथी साबणाच्या डबीशेजारी एकावर एक. मी एक उचलली. कडेवर मापाचे आकडे कोरलेले होते. टायरवाल्याने जे माप सांगितलं होतं, तेच.

ती हातात घेऊन मी बाहेर आले. "आप्पा, हे काय आहे?"

"मगाखाली ठेवायचं. घसरत नाही त्याने."

"आलं कुठून?"

"तुझ्या भावाची कृपा." ते खुर्चीत सरसावून बसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना तिखटपणा आला. "मागे चाकं खोलून धुतली मी. बघतो तर काय, चारही चाकांत पॅकिंग तसंच! प्लास्टिक! लोखंडाच्या गाडीत हे लोक पॅकिंग सोडून देतात. उद्या कुणी माझ्या पेशंटच्या दाढेत कापूस सोडला तर? चिमट्याने एकेक नीट काढलं. फेकवेना, वस्तू चांगली आहे."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

ते खिडकीकडे बघायला लागले. "म्हटलं, राहू दे. एवढ्या हौसेने दिलीत चाकं. पोराला वाईट वाटेल."

थांब इथे. पुन्हा वाच. ज्या माणसाने आपल्या दोघांना एकही दिवस 'तुला कळत नाही' म्हटल्याशिवाय जेवू दिलं नाही, त्याने जन्मात एकदा, एकदाच, तुझ्यासाठी ते वाक्य गिळलं. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा तुला फोन करून शिव्या घातल्या असत्या, तर तू त्याच मिनिटाला म्हणाला असतास, "आप्पा, ते पॅकिंग नाही, परत घाला." गोष्ट संपली असती. आपल्या घरात प्रेम करायची कुणाला सवय नाही, त्याचा हा परिणाम.

मी त्यांना कडी कशासाठी असते ते सांगितलं. फट, शंकू, शून्य, सगळं. मला वाटलं, चिडतील. नाही तर ओशाळतील. त्यांनी फक्त मांडीखालचे दोन्ही हात बाहेर काढले, गुडघ्यांवर ठेवले, आणि विचारलं, "म्हणजे हात नव्हेत?"

दोनदा विचारलं.

न्हाव्याला मी दारातूनच परत पाठवला.

थोड्या वेळाने न्हाणीघरातून आवाज आला, "पण प्लास्टिक का म्हणून? धातूची का नाही करत? आणि नसेल करायची तर वर लिहावं ना, 'काढू नये' म्हणून! अक्कल नाही लेकाच्यांना." तेव्हा मला कळलं, रोगी सुधारतोय.

तर तुझं काम बरोबर होतं. लिहिलं मी हे. जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही. टायरवाल्यापुढे मी उगाच तुझं नाव घेतलं, तिथे उद्या जाऊन सांगेन. पण लगेच फुगू नकोस. तुझ्या दुकानाने ती चाकं बॅलन्सिंगसाठी काढली आणि परत लावली. तुझ्याच हाताने बसवलेल्या चारही कड्या जागेवर नाहीत, हे तिथल्या चार माणसांतल्या एकालाही दिसलं नाही, कारण सगळे पडद्यावरच्या शून्याकडे बघत होते. आणि तू आप्पांकडे.

ताई


२२ जानेवारी

शेटजी,

कड्या बसवल्या. टायरवाल्याने गाडी जॅकवर असतानाच नट आवळले, गाडीचं वजन येऊन चाक सरकू नये म्हणून. शेजारी आप्पा उभे राहून त्याला सूचना देत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात ना? मग मला बेशुद्ध करा आणि मगच बोला."

त्याच सरळ रस्त्यावर मी गाडी नेली. नव्वद. पंचाण्णव. शंभर. चाक हातात असं पडून होतं, जसं झोपलेलं मूल. आप्पांनी शेजारून एक बोट स्टिअरिंगच्या कडेला लावलं, नाडी बघावी तसं, आणि बराच वेळ काढलं नाही.

आता तुझं म्हणणं. मुलगी त्या सीटवर बसते, हे मी विसरले नाही. मी पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. त्यांच्या बशीत चहा सांडलेला मलाही दिसला होता, तुझ्या आधीपासून. म्हणून मी त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्यांनी डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत धीर धरला आणि बाहेर पडताच म्हणाले, "माणूस हुशार आहे, पण त्याच्या खालच्या दाढेची कॅप कुणी बसवलीय कोण जाणे."

डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. हात कापतात. थोडे. मोकळे असले की कापतात, काही घट्ट धरलं की थांबतात. वयाचा भाग आहे. नजर, कान, प्रतिक्रिया, सगळं तपासलं, गाडी चालवायला हरकत नाही, दरवर्षी येऊन दाखवायचं. म्हणजे तू पाहिलंस ते अगदीच खोटं नव्हतं. तूही त्या मशीनसारखाच निघालास: आकडा खरा, पण भलत्या घटनेचा.

दाढी ते स्वतः करतात. चहा ओतून घेतात, सांडला तर पुसतात. पण ट्रेमधली दुसरी किल्ली अजून उचलत नाहीत. मी दोनदा म्हटलं, "चला, फिरवून आणा मला." म्हणाले, "बघू." मी पुढे काही बोलले नाही. माझ्या भाषणाने माणसं पेटतात, मोर्चे निघतात. या एका माणसावर त्याचा उपयोग नाही, कारण मी त्यांच्याकडून काही काढून घेतलं नव्हतं. ते तू घेतलंस.

माफी मागू नकोस. या घरात ती कुणाला घेता येत नाही, तेही टेबलाखाली हात लपवतील आणि तूही. दुकानाची सबब सांगू नकोस, मुलीला बरोबर आण. सभेत मी तुझं उदाहरण घेणार नाही, हे वचन समज.

रविवारी सकाळी ये. ते व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतील. चांदीच्या साखळीची ती किल्ली खिशातून काढ आणि त्यांना हात पुढे करायला सांग. हात कापेल, तुझ्या डोळ्यांसमोर कापेल. नजर वळवू नकोस. टेबलावर नाही, ट्रेमध्ये नाही, माझ्याकडेही नाही: किल्ली त्यांच्या तळहातावर ठेव, आणि त्यांची मूठ मिटेपर्यंत तिथेच उभा राहा.

ताई